पाणवठ्याची घंटा

फार पूर्वीची गोष्ट, जंगलात घरोघरी कॉम्प्युटर नुकते आले होते तेव्हाची. पाणवठ्यावर बिबट्या येऊ लागला होता. तिथल्या कॅमेऱ्यात तो दिसला की घंटा वाजवेल, असा प्रोग्राम हवा होता. झुमकी खारीने ते काम उड्या मारत अंगावर घेतलं.

तिने आधी कॉम्प्युटर चालवणारी नवी प्रणाली, लिनक्स, टाकली, कारण जुनीवर काम करणं तिला कमीपणाचं वाटे. मग डेस्कटॉप सजवला, खिडक्यांच्या कडा गोल केल्या, अक्षरांचं वळण पुन्हा पुन्हा बदललं. शेजारच्या घोरपडमावशीने विचारलं, "अगं, घंटेचं कुठवर आलं?"

"मावशी, मी आता प्रोग्रामची भाषाच बदलतेय. नव्या भाषेत तीच घंटा इतकी देखणी लिहिता येते, की तुम्ही वाचतच राहाल," झुमकी म्हणाली. तिची शेपटी आनंदाने थरथरत होती.

मावशीने घरी जाऊन आपल्या खडखडणाऱ्या कॉम्प्युटरवर चार ओळी खरडल्या.

त्याच संध्याकाळी झुमकी पाणी प्यायला वाकली. डोक्यात नव्या डेस्कटॉपचे रंग घोळत होते. इतक्यात घंटा घणघणली. झुमकी जिवाच्या आकांताने झाडावर चढली आणि बिबट्याचा पंजा नुसत्या सालीवर ओरखडे काढून गेला.

धडधड थांबताच ती मावशीकडे धावली. तिने त्या चार ओळी वाचल्या आणि तिचे डोळे चमकले.

"मावशी, हे मी सगळं नव्याने लिहू का? घंटा फक्त आठवडाभर बंद ठेवावी लागेल."