टिटवीची अर्धी पाटी

या गोष्टीतलं एक अक्षर तरी खरं मानून दाखव, हाय का हिंमत?

लई मागं एका रानडुकराचं भुईमुगाचं रान होतं. दिवसा कावळा ओरडून पाखरं हाकलायचा, रात्री टिटवी ओरडून कोल्हे पळवायची. तवर तिची अंडी मातीत उघडी गारठायची, पण दिवाळीला राखणीच्या मिळणाऱ्या शेंगांवर तिची भिस्त होती.

दिवाळीला डुकरानं कावळ्याला दोन पाट्या शेंगा दिल्या, टिटवीला अर्धीच.

"का वो मालक, रात्रीची राखण राखण न्हवं?"

"तुझ्या बोंबलण्यानं माझी झोप मोडती, बये. तेवढं कापलं."

टिटवीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मग झोप मुडद्या, पोटभर!" म्हणाली. त्या रात्री कोल्हे आले, तर ती अंडी पोटाखाली घेऊन गप बसून राहिली.

सकाळी रानात नुसती टरफलं. डुक्कर कावळ्याकडं पळालं. "कावळोबा, आजपासून रात्रीचंही तुम्हीच बघा. अर्धी पाटी वाढवून देतो."

कावळा भडकला. "तिला अर्धी देताना मी माझ्या पाट्या उचलून गप बसलो, ते माझंच चुकलं. आधी तिची राहिलेली दीड पाटी आण. तवर दिवसाही तूच ओरड!"

आता काय टकामका बघतोस? गोष्ट सरली, चल, नीघ इथनं!