बुजवलेले विसावे

सर्व भूतांच्या अंतरी नांदणाऱ्या श्रीहरीच्या चरणी मस्तक ठेवून ही कथा आरंभितो. बाळांनो, सावध चित्ताने ऐका.

दाट अरण्यातील एका टेकडीच्या पोटात उंदरांचे मोठे नगर वसले होते. त्याची वाट सौम्य उताराची होती आणि थोड्या थोड्या अंतरावर भिंतीत एकेक कोनाडा कोरलेला होता. त्याला ते विसावा म्हणत. म्हातारे उंदीर उन्हाला बाहेर निघाले, की विसाव्यात टेकत, दम घेत आणि बरेचदा दिवसभर तिथेच बसून राहत. पोट जमिनीला लागलेले असल्याने मातीतली बारीकशी सळसळही त्यांना कळे. सापाची चाहूल लागताच पहिला म्हातारा मागच्या पायाने जमीन ठोके. ते ऐकून पुढच्या विसाव्यातला ठोके, आणि क्षणात सारे नगर बिळांत दडे. एक ठोका जेमतेम पुढच्या विसाव्यापर्यंतच पोचे; जवळच्या विसाव्यातले ठोके तरुणांनाही ऐकू येत. पण ते देते कोण, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

पुढे नगर वाढले आणि तरुण म्होरक्याला वाट अपुरी वाटू लागली. दाणे घेऊन धावणाऱ्यांना म्हाताऱ्यांचा अडथळा होतो, असे त्याने सभेत सांगितले. उतार छाटून वाट जवळची करावी आणि निघालेली माती बाहेर वाहण्यापेक्षा विसाव्यांतच भरावी, असे ठरले. उताराच्या जागी उभे कडे आले. म्हातारे उंदीर आतल्या खोल्यांतून बाहेर पडेनासे झाले.

वेशीजवळच्या विसाव्यातली एक म्हातारी उंदरीण मात्र उठेना. म्होरक्या स्वतः आला. “आजी, चार पावलांवर बसायचे, तर घराबाहेर पडायचेच कशाला?” तो म्हणाला, आणि माती वाहणारे हसले.

“बसायला मिळते म्हणून चार पावले चालते, बाळा. तुझे पाय थकले, म्हणजे तू कुठे बसशील?”

म्होरक्या मजुरांकडे वळला. म्हातारीचे दिवस ते किती उरले, नंतर बुजवू, असे त्याने मजुरांच्या कानात सांगितले. मातीचा ढीग तिच्या दाराशीच राहिला.

एका ढगाळ दुपारी नगर नेहमीप्रमाणे धावत होते. ठोका कानी आला नाही. आला तो थंड, उग्र वास, आणि मागोमाग आतल्या एका बिळातून उठलेली किंकाळी, जी अर्ध्यावरच थांबली. धामण आत शिरली होती. सरळ केलेली वाट तिलाही सोयीची झाली. म्होरक्या जिवाच्या आकांताने वेशीकडे पळाला आणि नव्या कड्यावरून घसरून खाली आदळला. मागचा पाय मोडला. तो भिंतीला धरून सरपटू लागला. पण भिंत दोन्हीकडे सपाट होती. अंग चोरून उभे राहण्याइतकीही खाच त्याने कुठे ठेवली नव्हती. मागे खवले घासल्याचा आवाज जवळ जवळ येत होता.

एकाएकी कोणीतरी त्याचा कान दातांत धरून त्याला आत ओढले. ती वेशीजवळची म्हातारीच होती. तिने दाराशी पडून राहिलेला मातीचा ढीग दोन्ही पंजांनी आत ओढून तोंड बंद केले. अंधारात दोघांनी श्वास रोखले. धामण आली. मातीच्या पलीकडे थांबली. वरून दोन कण म्होरक्याच्या नाकावर पडले, तरी तो हलला नाही. कितीतरी वेळाने ते जड अंग पुढे सरकले आणि वेशीतून बाहेर गेले.

 म्होरक्याने विचारले, “आजी, तुम्हाला चाहूल केव्हा लागली?”

“ती वेशीबाहेर होती तेव्हाच. मी ठोकत होते, बाळा. पुढे ऐकायला कोणी बसलेले नव्हते.”

त्या दिवशी नगरातली तीन बिळे रिकामी झाली. दुसऱ्या सकाळी म्होरक्या लंगडत वाटेवर आला आणि कोणालाही न बोलावता पहिला बुजलेला विसावा स्वतःच्या पंजांनी उकरू लागला.

तात्पर्य : जे नगर थकल्या पायांना बसायची जागा ठेवत नाही, ते आपल्याच रक्षणाचे दार बुजवते; वडीलधाऱ्यांना सोयीची केलेली वाट शेवटी सर्वांनाच तारते.

ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी वृद्धांचा हात मस्तकावर राहो, आणि त्या घरांचे उंबरे श्रीहरी अहोरात्र राखो.