डोंगराला बसायचं होतं

एकदा काय झालं, एका डोंगराचे गुडघे दुखायला लागले. हसू नका. दात नंतर दाखवा, आधी ऐका.

डोंगराखाली खोरं होतं. थोडी घरं या अंगाला, थोडी त्या अंगाला, मधे खोल दरी. शेजारणीला काही विचारायला जावं, तर येईपर्यंत दिवस मावळायचा. मग तिथली माणसं दिवेलागणीला अंगणात उभी राहून हाळी द्यायची. पलीकडून कुणीतरी सल्ला द्यायचं. पण आधी आपल्या घराचं नाव सांगायचं, बरं का. "आंब्याच्या घरची गोदा बोलतीया, तांदळात कडुलिंबाचा पाला घाल." घराचं नाव नसेल, तर तो सल्ला कुणी घ्यायचं नाही. रीतच होती तशी.

कड्याच्या अगदी पायाशी सगुणाचं घर होतं. घरात ती, सासू येसूबाई आणि पाळण्यातलं बाळ. नवरा घाटाखाली कामाला गेलेला.

बाळ रात्री सारखं दचकून उठायचं. मग सगुणाने हाळी दिली, "बाळ दचकतंय, काय करू?" गोदा म्हणाली, "मीठमिरची ओवाळून टाक." इतक्यात भलताच जाड आवाज आला, "पाळणा उचल आन् पलीकडं जा."

सगळे गारच पडले. खोऱ्यातला प्रत्येक आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. हा त्यातला नव्हता.

"घराचं नाव सांग," येसूबाई म्हणाली. उत्तर नाही. "मग तुझा सल्ला तुझ्यापाशीच ठेव," असं म्हणून तिने सुनेला आत नेलं.

दुसऱ्या दिवशी म्हैस गोठ्यात शिरेना. गोदा म्हणाली, "पेंड दाखव." मग तोच आवाज आला, "म्हशीला कळतंय. पाळणा उचल." येसूबाईने पुन्हा घराचं नाव विचारलं. आणि पुन्हा सुनेला आत नेलं.

तिसऱ्या दिवशी तर कहर झाला. पावसाचा थेंब नाही, आणि झऱ्याला चहासारखं लाल पाणी. पुन्हा तोच आवाज आला, "पाळणा उचल." या खेपेला सगुणाने घराचं नाव विचारलंच नाही. ती म्हणाली, "तू कोन हायस, बाबा?"

"मी डोंगर."

पलीकडे गोदाच्या हातून कळशी सुटली, ती घरंगळत पार दरीत गेली. तिला अडवायचंही कुणाला सुचलं नाही.

"लई काळ उभा हाय," डोंगर म्हणाला. "गुडघं गेलं माझं. रातीला कण्हतो, म्हून तुझं बाळ दचकतं. मला आता बसायचंय. पर खाली तुमी हाय. कसा बसू?"

सगुणाने लगेच आत जाऊन आढ्याला टांगलेला पाळणा सोडला. येसूबाई मात्र उंबऱ्यावर फतकल मारून बसली. "ह्या घरात मी नवरी म्हून आले. न्हाई यायची मी."

"आत्याबाई, तुमाला टाकून मी जाऊ व्हय?" सगुणाला रडू कोसळलं.

तेवढ्यात कड्यातून आवाज आला. कट् कट्. येसूबाईने कान दिला. रोज सकाळी उठताना तिच्या स्वतःच्या गुडघ्यांतून तोच आवाज यायचा.

मग म्हातारी उठली. "बसू दे गं त्याला," ती म्हणाली. "उभं ऱ्हावत न्हाई तवा काय हाल हुत्यात, ते मला इचार." आणि वर बघून डाफरली, "आदी सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगतोय की परवापासनं."

येसूबाईला फार लाज वाटली.

मग म्हैस पुढे, बाळ घेऊन सासू मागे, आणि पाळणा डोक्यावर घेऊन सगुणा. डोंगर थरथरत होता, पण त्याने दम धरला. दरी उतरून, वर चढून त्या गोदाच्या अंगणात पोचल्या. मग येसूबाईने हाळी दिली, "बस रे बाबा. सावकाश."

आणि डोंगर बसला.

धुरळा खाली आला तेव्हा घर नव्हतं. गोठा नव्हता. माणसं आ वासून बघत राहिली. येसूबाईने तोंडाला पदर लावला. सगुणाने घाबरून सासूच्या खांद्यावरच्या बाळाकडे पाहिलं.

एवढा मोठा डोंगर बसला, पण बाळ दचकलं नव्हतं. ते गाढ झोपलं होतं.

मग सगळ्यांनी मिळून सगुणाला गोदाच्या शेजारी घर बांधून दिलं. नवराही परत आला, आणि सगळे सुखाने राहिले. आता तुमची पाळी, पोरांनो. एवढा डोंगर टेकला, आणि तुम्ही अजून उठून बसलाय? पडा आडवे.