दादांचं ओके

"पण ओके म्हणजे नक्की काय धरायचं, बाबा?"

कासीमबाबा दर्ग्याच्या ओट्यावर बसून चटईचा उसवलेला काठ शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"इंग्रजी तुला येतं, जिनगोंडा. मला कशाला विचारतोस?"

आता माझं इंग्रजी म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. सातवीतून हळदीच्या पेढीवर बसलो. पुढचं सगळं रद्दीतल्या पेपरांवर आणि एका जाड शब्दकोशावर. पण गावात त्याचा दरारा आहे, आणि तो मी मोडत नाही.

तेव्हा मी बाबांना सांगायला बसलो. पोत्यावर खडूनं ओके लिहिलं की माल पास. ट्रकचा क्लीनर मागून पत्रा थापटत ओके ओरडला की गाडी निघते, आणि तसाच ओरडला की थांबतेही. डॉक्टर ओके म्हणतो, तेव्हा त्यानं पुढच्या पेशंटला आत बोलावलेलं असतं. आमच्या लेकीला, समताला पाहायला आलेले पहिले पाहुणे जिना उतरताना "ओके, कळवतो" म्हणाले होते. त्याला चार वर्षं झाली. ट्रकच्या मागं हा शब्द कशाला रंगवतोस, असं मी एकदा रंगाऱ्यालाच विचारलं. तो म्हणाला, जागा उरते मधे.

बाबा हसले.

"मग अडलं कुठं?"

मी फोन पुढं केला.

थोरले बंधू भूपालदादा आणि मी, आईच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून भांडलो होतो. नऊ वर्षं झाली. बोलणं नाही, जाणं-येणं नाही. येत्या रविवारी समताचं लग्न. काका आल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही, असं तिनं सांगून टाकलेलं. दोनशे घरी मी स्वतः गेलो, कुंकू लावलं, पत्रिका दिली. दादांना मात्र पत्रिकेचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'सहकुटुंब यावे.'

दोन दिवसांनी उत्तर आलं. ओके.

पुढं काही नाही, मागं काही नाही.

"येतो म्हणून ओके, का पोचलं म्हणून ओके? का तुझं तुला लखलाभ म्हणून? शब्दकोश पालथा घातला, बाबा. डोकं फुटायची वेळ आली."

बाबांनी फोन हातात घेतला. त्या दोन अक्षरांकडे बघितलं.

"घर कुठं म्हणालास दादाचं?"

"आमच्याच गल्लीत. चौथं."

बाबांनी फोन परत दिला. पुन्हा सुई उचलली.

"एवढंच सांगा," मी म्हणालो, "दादा येणार का नाही?"

सुई चटईत टोचून ठेवत त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला.

"हात दे."

फकिरी घेण्याआधी बाबा आमच्याच हळदपेठेत अडतीचं काम करत. तेव्हा भाव तोंडानं होत नसे. घेणाऱ्यानं आणि अडत्यानं रुमालाखाली हात धरायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती शंभर माणसं उभी असायची, पण कळायचं दोघांनाच.

बाबांनी पंचा टाकला. माझी दोन बोटं दाबली.

मी आकडा सांगितला.

पुन्हा दाबली. तोही सांगितला. इतक्या वर्षांनी बोटं विसरली नव्हती, याचा मनात जरा अभिमानच वाटला.

तिसऱ्यांदा त्यांनी काही दाबलंच नाही. नुसता हात धरून ठेवला.

मी वाट पाहिली. सुरुवात होईल, मग ओळखू. पण काही होईना. बाबांचा तळवा खरखरीत आणि उबदार होता. दर्ग्यात कुणीतरी ऊद लावून गेलं. समोरच्या चिंचेवरून पाखरं उडाली, परत आली…

"सांग," बाबा म्हणाले.

मी सगळी पेठ आठवली, सगळ्या खुणा आठवल्या. अशी खूण कुणीच कधी केली नव्हती.

"कळलं नाही, बाबा."

"मग हात का नाही काढून घेतलास?"