निष्कंपाची गंजिफा

एका राज्यात एक राजकन्या होती आणि तिचे हात थरथरत असत. आता राजकन्येचे हात थरथरले तर बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. बिघडत होतं बरं का. ओवाळायला ताट घेतलं की निरांजन विझायचं. अत्तरदाणी धरली की निम्मं अत्तर गालिच्याला लागायचं. दरबारात ती हार घालायला उठली की मानकरी मंडळी आधीच मान पुढे काढून, डोळे मिटून उभी राहायची. वैद्यांनी काढे दिले, ज्योतिष्यांनी खडे दिले, हातांनी कुणाचंच ऐकलं नाही. राजकन्येचं नाव कमळजा.

या थरथरीचं एका माणसाला काही वाटत नसे, तो म्हणजे तिचा थोरला भाऊ, युवराज जयधर. दुपारच्या वेळी बहीणभाऊ झोपाळ्यावर बसून गंजिफा खेळत. गोल, रंगवलेली, लाखेनं चकाकणारी ती पानं. जयधर आपल्या पानाकडे बघायचाच नाही, बहिणीकडे बघायचा आणि हसायचा.

"कमळे, तुला मोठं पान आलंय. मोठं आलं की तुझे हात कापतात, हलकं आलं की थिजतात. तुझं काळीज मला इथवर ऐकू येतं."

"मग मी जिंकायचं कधी?"

"ते मला ठाऊक नाही. पण कापतात तर कापू देत. पान पडलं तर उचलू."

आणि तो तिचं मनगट हलकेच धरायचा. त्याच्या कपाळावर डाव्या भुवईशी एक वण होता, याच झोपाळ्यावरून पडल्याचा. झोका कमळजेनंच दिला होता, हे त्यानं आईबापांना कधी सांगितलं नाही.

तर त्या राज्याच्या उत्तरेला, काळ्या सरोवरापलीकडे, निष्कंप नावाचा मांत्रिक राहत असे. त्याच्या दारात सोन्याच्या राशी पडलेल्या. जो गंजिफेत त्याला हरवेल त्यानं त्या उचलून न्याव्यात, जो हरेल त्यानं तिथंच राहावं. गेलेला कुणी परत आला नव्हता. तरी लोक जात होते. सोनं दिसलं की माणसाला शेजाऱ्याचं मढं दिसत नाही. जयधरला सोन्याची हाव नव्हती, पण तारुण्याची घमेंड होती. एका सकाळी तो कुणाला न सांगता एकटाच निघाला. काही दिवसांनी घोडा परत आला. स्वार आला नाही.

राजा सिंहासनावर बसेना. दरबार भरला की पायरीवर बसायचा आणि वेशीकडे बघत राहायचा. सरदार गेले, प्रधान गेला, शेजारचे दोन राजेही मैत्रीखातर गेले. गेले ते गेलेच. मग कमळजा उठली.

"बाबा, मी जाते."

"पोरी, तुझ्या हातात पान तरी ठरेल का?"

"ठरणार नाही. पण दादा माझा आहे, मी जाते."

वाटेत आग ओकणारा डोंगर लागला. तिनं त्याला नमस्कार केला, त्यानं वाट दिली. बोलणारा वड लागला. तिनं त्याचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं, त्यानं सावली दिली. काळं सरोवर लागलं. त्यानं विचारलं, "भीती वाटते का?" ती म्हणाली, "फार." त्यानं नाव दिली. कामं म्हटली तर सोपीच असतात, माणसं उगाच तलवार उपसतात.

भर दुपारी ती निष्कंपाच्या दालनात शिरली. मांत्रिक चौरंगासमोर बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर सुरकुती नव्हती आणि पापणी लवत नव्हती. खांद्यावर एक साळुंकी. निष्कंपाच्या छातीत काळीज नव्हतं. ते त्यानं कधीच काढून त्या साळुंकीच्या छातीत ठेवलं होतं. म्हणून साळुंकीला दोन काळजं, आणि दोन काळजांच्या पाखराला तिसऱ्याचं काळीज ऐकू येतं. जे ऐकू येई ते ती बोलून दाखवी. ती खोटं बोलत नसे, ती काही माणूस नव्हे.

"माझा भाऊ कुठं आहे?" कमळजेनं विचारलं.

निष्कंपानं चौरंगावर गंजिफा पसरली. कमळजा खाली वाकली. पानांवर माणसं होती. चितारलेली, पण डोळे ओले. हरलेल्या राजांची राजापानं झाली होती, प्रधानांची प्रधानपानं. जे तिघं मिळून आले त्यांची तिर्री झाली होती, दहा भाऊ आले त्यांची दश्शी. आणि जो एकटा आला त्याचा झाला होता एक्का, म्हणजे सगळ्यांत हलकं पान.

"तो यातच आहे," निष्कंप म्हणाला. "तीन डाव खेळू. दोघांनी एकेक पान उचलायचं, आपलं आपण बघायचं. एकानं पण, म्हणजे लावलेली पैज, वाढवली की दुसऱ्यानं तेवढं लावायचं, नाहीतर पान टाकायचं. टाकलं तो हरला. दोघंही राहिले तर मोठं पान जिंकतं. दर डावाला मी ही सगळी गंजिफा लावतो. मला हरायची सवय नाही. तू काय लावतेस?"

"माझी सावली."

पहिल्या डावात तिला तिर्री आली. कमळजेनं ठरवलं, आपण राणीसारखं बसायचं, काही दिसू द्यायचं नाही. तिनं ओठ घट्ट मिटले, मुठी आवळल्या, पण कानशिलं तापली.

साळुंकी म्हणाली, "हिचं काळीज थिजलं. कोपऱ्यातल्या उंदरागत बसलंय."

निष्कंपानं शांतपणे नव्वी उघडली. कमळजेची सावली तिच्या पायापासून सुटली आणि भिंतीवर जाऊन टांगली गेली.

मांत्रिकानं चांदीचा पेला पुढे केला. "थरथर वाईट दिसते, राजकन्ये. हे निश्चलाचं पाणी. एका घोटाचा अंमल एका डावापुरता. सगळा पेला प्यायलीस तर हात जन्मात हलणार नाहीत. आणि भीती म्हणजे काय, ते विसरून जाशील."

तिला मोह झाला. का होऊ नये? जन्मभर लोकांनी तिच्या हातांकडे बघून माना वळवल्या होत्या. तिनं एक घोट घेतला. हात दगडासारखे स्थिर झाले, छातीतली धडधड थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

"आता काय लावतेस?"

"माझी घरची वाट," ती म्हणाली. म्हणताना तिला काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या डावात तिला राजा आला. साक्षात राजा, ज्याच्यावर पानच नाही! शेजारच्याच राज्याचा तो राजा, पानातून तिच्याकडे आशेनं बघत होता. कमळजेनं बघितलं आणि तिला वाटलं, हा कोण? मी इथं का बसले आहे? उन्हाची तिरीप किती छान पडली आहे.

साळुंकी म्हणाली, "काही ऐकू येत नाही."

निष्कंपानं पण वाढवला. "तुझा आवाजही लाव." कमळजेला वाटलं, एवढ्यासाठी कोण बोलत बसेल. तिनं जिंकलेलं पान टाकून दिलं. अहो, टाकून दिलं! भीती गेली तिच्याबरोबर भाऊही गेला, याची तिला खबर नव्हती. मग डाव संपला, घोटाचा अंमल उतरला, आणि आपण काय केलं ते तिला कळलं. घर कुठल्या दिशेला आहे ते आठवेना. ती ढसाढसा रडली. रडता रडता हात पुन्हा थरथरू लागले, तेव्हा तिनं ते छातीशी धरले, हरवलेलं पोर सापडावं तसे.

"उरलेला पेला पी," निष्कंप म्हणाला. "तिसरा डाव सोपा जाईल."

तिनं पेला फरशीवर ओतला. "मला सोपा नको. मी माझा आवाज लावते."

तिसऱ्या डावाचं पान उचलायला तिनं हात पुढे केला तो पार पानाच्या पलीकडे गेला, इतका कापत होता. या खेपेला तिनं काही आवळलं नाही, काही मिटलं नाही. पान उचललं, उलटलं.

एक्का. गंजिफेतलं सगळ्यांत हलकं पान. त्यानं काही म्हणजे काही जिंकता येत नाही.

आणि त्या एक्क्यावर, डाव्या भुवईशी वण असलेला, तिचा दादा.

कमळजेच्या बोटांना मुंग्या आल्या, काळीज असं उसळलं की तिला वाटलं, आता तोंडावाटे बाहेर पडतं. पान तिच्या हातून निसटून चौरंगावर पालथं पडलं. पान पडलं तर उचलू. तिनं ते उचललं आणि डोळे पुशीत हसली.

साळुंकी पंख फडफडवीत म्हणाली, "हिचं काळीज आनंदानं उड्या मारतंय. या दालनात इतका आनंद मी कधी ऐकला नाही. पहिल्या डावात हलक्या पानावर ते थिजलं होतं. आता बघ."

साळुंकीनं खरं तेच सांगितलं होतं, कमळजेनं काही लपवलं नव्हतं. पण समोरच्याच्या छातीत पोकळी होती, आणि पोकळीत आनंदाचा एकच अर्थ उतरत होता. कमळजेच्या ते ध्यानात आलं. पुढचं वाक्य बोलायला तिला फार धीर लागला. त्यानं पान उघडायला लावलं, तर ती एकटी आली होती, तिचाही एक्काच होणार होता.

"मी माझा पण वाढवते," ती म्हणाली. आवाज हातांइतकाच कापत होता. "मी स्वतःला लावते. तू तुझी साळुंकी लाव."

निष्कंपानं आपल्या पानाकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे. त्यानं हिशेब केला. पाखरू कधी चुकलं नाही. एवढा आनंद म्हणजे राजाच. पान टाकलं तर गंजिफा जाते, उघडलं तर काळीजही जातं.

"सोडला," तो म्हणाला आणि त्यानं पान टाकलं. ते प्रधानाचं होतं.

निष्कंप म्हणाला, "दाखवायची सक्ती नाही. तरी बघू दे."

तिनं एक्का समोर ठेवला. मांत्रिकानं तो उलटसुलट करून पाहिला.

"एक्क्यावर एवढा आनंद?"

"तो माझा भाऊ आहे."

इतकं तिनं म्हटलं आणि शाप तुटला. पानं चौरंगावरून उडाली, जमिनीला टेकली तिथं माणसं उभी राहिली. राजे मुकुट चाचपू लागले. तिर्रीतले तिघं एकमेकांच्या गळ्यात पडले. दश्शीतले दहा भाऊ, इथं यायची अक्कल कुणाची होती यावरून तिथंच भांडायला लागले. सावली भिंतीवरून उतरून कमळजेच्या पायाशी आली, आणि घरची वाट तिला आठवली, कमळाच्या तळ्यावरून उजवीकडे. समोर जयधर उभा होता. त्यानं तिचं मनगट धरलं, आणि आता त्याचाही हात कापत होता.

साळुंकी निष्कंपाच्या खांद्यावरून त्याच्या मांडीवर उतरली. "माझ्याच्यानं आता दोन वाहवत नाहीत," ती म्हणाली. "तुझं तू घे." तिनं चोच त्याच्या छातीला लावली आणि काळीज जिथलं तिथं गेलं. क्षणात त्याच्या चेहऱ्यावर सुरकुत्या उमटल्या, केस पिकले, आणि हात थरथरू लागले. मांत्रिक म्हणवणारा तो एक म्हातारा माणूस होता, घाबरलेला.

"तरुणपणी माझ्या हातांना लोक हसले होते," तो म्हणाला. "म्हणून काढून टाकलं. फार धडधडतं आहे. हे थांबेल का?"

"नाही," कमळजा म्हणाली. "सवय होते. चला आमच्याबरोबर."

सोनं सरोवरात टाकलं. सगळे आपापल्या राज्यांत गेले. राजा पायरीवरून उठून सिंहासनावर बसला, आणि कमळजेनं भावाला ओवाळलं तेव्हा निरांजन दोनदा विझलं, दोनदा लावलं. म्हातारा राजवाड्यातच राहिला. फुलदाण्या सोडून त्याला सगळी कामं दिली.

मग एका दुपारी बहीणभाऊ झोपाळ्यावर गंजिफा घेऊन बसले. साधी गंजिफा, फुलांची. कमळजेनं पान उचललं आणि तिचे हात असे कापू लागले की झोपाळ्याच्या कड्या वाजल्या. जयधर हसला आणि त्यानं आपलं पान टाकलं.

"सोडला. तुला राजा आलाय."

कमळजेनं पान उलटं केलं. दुर्री होती.

"मग कापत का होतीस?"

"तू समोर बसला आहेस ना, म्हणून," ती म्हणाली.

त्यांचा डाव तसाच चालू राहिला. तुमचंही पान पडलं तर शेजारी उचलणारं कुणी असो.