खराब तेवढंच बदला

एका गावात एक भोळा नवरा होता. गाव त्याला भोळा म्हणायचं. बायको जे म्हणायची ते पोरांसमोर सांगता येत नाही. नाव लहानू. अंगानं दाराएवढा. डोक्यानंही दारच. कोणी ढकललं तरच हलायचा.

त्याची बायको रंजना घरी लग्नपत्रिका जुळवायची आणि छापायची. तिचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. सकाळी चालू करावा, दूध तापवावं, चहा करून प्यावा, कपबशी विसळावी, तरी पडद्यावर नुसतं गोल गोल फिरतंय. एरवी चाललं असतं. पण लग्नसराई तोंडावर आली आणि भाऊसाहेब थेट्यांच्या मोनालीची पत्रिका तिच्याकडं आली. थेट्यांनी बजावलं, "ही नीट झाली तर सगळ्या भावकीची कामं तुझ्याकडं. बिघडली तर तालुक्याचा छापखाना आहेच."

रंजना लहानूला म्हणाली, "अहो, कॉम्प्युटर सादिकभाईंकडं न्या. विचारा, हाच दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा."

लहानूनं पडदा उचलला, खांद्यावर टाकला आणि बाजारात सादिकभाईंच्या दुकानात नेऊन ठेवला.

सादिकभाई म्हणाले, "हा नुसता पडदा आहे. कॉम्प्युटर खोक्यात असतो. खोकं आणा."

लहानू घरी आला. माळ्यावर चढला. कॉम्प्युटर ज्यातून आला होता ते पुठ्ठ्याचं खोकं त्यानं खाली काढलं, झटकलं आणि नेलं.

सादिकभाईंनी आत डोकावलं. "यात काय आहे?"

"काही नाही."

"मग मी काय दुरुस्त करू? हवा? अहो, लोखंडी खोकं. बाहेरचं काय करायचंय, मला आतलं पाहिजे आतलं."

लहानू पुन्हा घरी आला. त्यानं लोखंडी खोकं उघडलं. आतलं सगळं उचकटलं, घमेल्यात भरलं आणि डोक्यावर घेऊन गेला. वाटेत एका बाईनं विचारलं, "लहानूभाऊ, भंगार का?" हा म्हणाला, "नाही, कॉम्प्युटर. आतला."

सादिकभाई घमेल्याकडं बघत राहिले. मग हात जोडून म्हणाले, "दादा, खोलून आणायचं नसतं. एखादी गोष्ट आणायची म्हणजे जशी आहे तशी आणायची. कुठं बोट लावायचं नाही."

"जशी आहे तशी," लहानू म्हणाला. पाठच करून टाकलं त्यानं.

तो घरी आला तर रंजना म्हणाली, "आबांना बोलवा. त्यांच्या लेकीचा फोन आलाय." आबा म्हणजे लहानूचे वडील. ते न्हाव्याकडं बसले होते. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. लहानूनं त्यांना जसे होते तसे उचलले, खुर्चीसकट. मागून न्हावी वस्तरा घेऊन पळतोय, पुढून कुत्री भुंकतायत, आणि आबा फेसातून शिव्या देतायत.

रंजनानं कपाळ बडवलं. "अहो, काही काम चाललं असेल तर ते पुरं होऊ द्यायचं. मगच उठवायचं. मध्येच कोणाला हुसकायचं नाही!"

"मध्येच हुसकायचं नाही," लहानू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी थेट्यांनी लाल पेनानं चुका दाखवून दिलेली पत्रिका ओट्यावर होती. शेजारची शेळी वर चढली आणि खायला लागली. लहानू समोरच बसला होता. रंजना पीठ माखलेल्या हातांनी आतून धावली. "अहो, बघताय काय? हाकला तिला!"

"थांब गं. वरपक्ष झालाय. वधूपक्ष राहिलाय अजून."

शेळीनं वधूपक्षही संपवला. मग लहानूनं तिला अदबीनं खाली उतरवलं.

तेवढ्यात सादिकभाईंचा निरोप आला, कॉम्प्युटर जुळवून झाला, घेऊन जा. रंजना स्वतःच गेली. नवऱ्यालाही बरोबर घेतलं, घरी ठेवायची हिंमत नव्हती.

"नवा घ्यावा लागेल का हो?" तिनं विचारलं.

"कशाला ताई? बाकी सगळं ठणठणीत आहे. एक रॅम तेवढी खराब होती. खराब असेल तेवढंच बदलायचं. आणि ती तरी बाजारातून कशाला आणायची? माझ्या घरात पडून होती, तीच घातली."

कॉम्प्युटर पळायला लागला. रंजनानं थेट्यांनी दाखवलेल्या चुका आठवून आठवून पत्रिका पुन्हा नीट केली. आणि नेमका त्याच दिवशी तिच्या मामाचा दहावा. जायलाच हवं. निघताना तिनं कुठलं बटण कधी दाबायचं ते लहानूकडून घोकून घेतलं आणि त्याला दारात उभं केलं.

"नीट ऐका. थेट्यांच्या घरी जाऊन पत्रिका वाचून दाखवा. काही खटकलं का विचारा. आलात की बदला, छापा, पाकिटात घाला, पोचवा. डोकं वापरू नका. सादिकभाईंनी केलं तस्संच करायचं. खराब तेवढंच बदला. बाकीच्याला हात लावाल तर बघा!"

लहानू गेला. थेट्यांकडं सगळे बस्त्याला गेलेले. घरात मोनालीची आजी एकटी. त्यानं पत्रिका वाचून दाखवली.

आजी म्हणाली, "समदं ब्येस हाय बाबा. तिथी ब्येस, मांडव ब्येस. नवरदेव तेवढा खराब हाय. पण माझं ऐकतंय कोण?"

"मी ऐकतो की," लहानू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रंजना एसटीतून उतरली. स्टँडवर चार बाया तिच्याकडं टकामका बघत होत्या. एकीनं तर तिला जवळ घेतलं. "रंजना, मन लई मोठं गं तुझं!"

रंजना पळत घरी आली. ओट्यावर थेटे. पाकिटं न उघडताच त्यांनी गावभर वाटली होती, सोयऱ्यांकडंही धाडली होती. आता सोयऱ्यांची जीप दारात उभी होती, आणि नवरदेवाचा मामा लहानू कोण म्हणून विचारत होता.

"भावकीचं काम विसर," थेटे म्हणाले. "आधी हे वाच."

रंजनानं वाचलं. चि. सौ. कां. मोनाली हिचा शुभविवाह चि. लहानू याच्याशी. खाली लहान अक्षरांत, "आमच्या पप्पांच्या लग्नाला यायचं हं!" आणि तिच्याच दोन्ही पोरांची नावं.

तिनं पत्रिका नवऱ्यासमोर धरली.

"खराब तेवढंच बदललं," लहानू म्हणाला. "बाजारातून काही आणलं नाही, घरात होतं तेच घातलं. नवरदेव बदलल्यावर जुनी पोरं बसेनात, म्हणून आपली बसवली."

रंजनानं कोपऱ्यातला झाडू उचलला.

"अगं, रुसतेस काय?" लहानू म्हणाला. "तुझंपण नाव आहे की. निमंत्रकांत. सगळ्यात वर!"