विसाव्याची गादी

एका गावात एक चाल होती. म्हातारं माणूस पाय अडखळून एकदा का पडलं, की घरची मंडळी त्याला 'विसावा' द्यायची. विसावा म्हणजे काय? घराच्या पुढच्या सोप्यात नवी गादी घालायची, मागे लोड ठेवायचा, भावकीला पुरणपोळीचं जेवण घालायचं आणि म्हाताऱ्याच्या वहाणा कुणाला तरी देऊन टाकायच्या. आता चालायचं कशाला? मुलं आहेत, सुना आहेत. त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं आपल्या मनानं उठायचं नाही. पाण्याचा तांब्या हातात, ताट पुढ्यात, आणि न्हाणीत जायचं झालं तर दोघांनी काखेत हात घालून उचलून न्यायचं. ज्याच्या घरचं म्हातारं माणूस जास्त बसून, तो मुलगा जास्त गुणाचा. असं ते गाव आणि अशी त्याची अक्कल!

गादीवर बसलेली माणसं पुढे कधीतरी पुन्हा पडायचीच. आणि तेव्हा अशी पडायची, की उठायची नाहीत. मग गाव मान हलवून म्हणायचं, "वय झालं होतं." गादीला कुणी बोल लावला नाही. वय बिचारं उलटून बोलत नाही, त्यामुळे त्याच्या माथी काहीही मारलं तरी खपतं.

याच गावात दौलतराव नावाचा गुळाचा व्यापारी राहत होता. माणूस सरळ, आईवर जीव टाकणारा, पण लोकांच्या तोंडाला फार भिणारा. त्याची आई गौराक्का. तिनं उमेदीची सगळी वर्षं गुऱ्हाळावर काढली होती. उसाचा रस उकळायला लागला की काहिलीपुढे उभं राहून मळी काढायची, ते थेट गूळ उतरेपर्यंत. बसणं तिला ठाऊकच नव्हतं.

एका सकाळी दारात पाय पुसायला टाकलेल्या गोणपाटाच्या दुमडीत तिचा अंगठा अडकला आणि ती पडली. गुडघा खरचटला, एवढंच. हळद लावून ती पुन्हा कामाला लागली असती. पण दौलतराव पार घाबरून गेला. दारातलं गोणपाट कुणी उचललं नाही. उचललं ते गौराक्काला.

विसाव्याचं जेवण झोकात झालं. श्रीपतराव पाटलानं दौलतरावाच्या पाठीवर थाप मारली. पाटलाचा बाप येसाजीआबा कितीतरी दिवस गादीवर होता, आणि पाटील त्याला तळहातावर झेलतो अशी पंचक्रोशीत ख्याती होती. "शाब्बास," पाटील म्हणाला, "लेक असावा तर असा." गौराक्का लोडाला टेकून ऐकत होती. तुला बसायचं आहे का, असं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पहिले काही दिवस तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला? आयुष्यभर राबलेल्या माणसाला आयतं ताट कडू लागत नाही. पण मग तिच्या पोटऱ्या सैल पडल्या. मांड्या वाळल्या. उठावंसं वाटलं की घर गरगर फिरायचं. एकदा ती तुळशीला पाणी घालायला म्हणून कशीबशी उठू लागली, तर सून पारू धावत आली.

"आत्याबाई, तुम्ही का उठताय? बघितलं कुणी, तर लोक मला नावं ठेवतील."

"मी एकदा पडले गं," गौराक्का म्हणाली, "पर तुम्ही मला रोज पाडताय."

पारूनं तिला हलकेच खांद्याला धरून पुन्हा गादीवर बसवलं. किती प्रेमानं बसवलं! त्या प्रेमाचाच तर संताप येतो. कुणी दावणीला बांधलं तर माणूस ओरडेल तरी. मायेनं बांधलं तर ओरडायचं कुणाच्या नावानं?

समोरच्या घरात तिची मैत्रीण बायजा होती. तीही विसाव्याला बसलेली. एका दुपारी घरची सगळी माणसं शेतावर गेली असताना तिला तहान लागली. ती पाण्यासाठी स्वतःच उठली. महिनोन्‌महिने न चाललेले पाय तिला माजघरापर्यंत काय नेणार! मध्येच गुडघे वाकले, ती कोसळली आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या अंथरुणातून ती उठली नाही. दिवाळीच्या आधीच गेली.

तिसऱ्या दिवशी समाचाराला बायका जमल्या. "वय झालं होतं," एक म्हणाली. "पर पुण्यवान बाई. पोरांनी तिचा पाय भुईला लागू दिला न्हाई," दुसरी म्हणाली. दौलतराव आईला उचलून तिथं घेऊन आला होता. हे ऐकलं आणि गौराक्काच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"न्हाई लागू दिला म्हणूनच मेली ती!" ती कडाडली. "घोटभर पाण्यासाठी मेली. वयानं न्हाई मारलं तिला, तुमच्या गादीनं मारलं. आणि आता माझी पाळी हाय व्हय?"

 बायका एकमेकींच्या कानाला लागल्या, की म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला.

घरी आल्यावर गौराक्कानं ताट सरकवून दिलं. तालुक्याच्या विनायक वैद्यांना आणल्याशिवाय घास घेणार नाही, असं तिनं बजावलं. दौलतरावाला वैद्यांना आणावंच लागलं.

वैद्यांनी नाडी नंतर बघितली. आधी भिंतीला टेकवून एक भक्कम खुर्ची मांडली, तीवर गौराक्काला बसवलं आणि म्हणाले, "हात न टेकता उठा." गौराक्कानं जोर लावला. उठता येईना. पुन्हा लावला. काहिलीपुढे उभी राहणारी ही बाई खुर्चीतून उठू शकत नव्हती. तिचे डोळे भरून आले.

वैद्य दौलतरावाकडे वळले. "तुमचा बैल सगळा पावसाळा गोठ्यात बांधून ठेवा, आणि मग एकदम भरल्या गाडीला जुंपा. चालेल?"

"कसला चालतोय? बसंल तो."

"मग आईचे पाय काय लोखंडाचे आहेत?"

"पर वैद्यबुवा, तिचं वय..."

"वयानं ताकद कमी होते. बसवून ठेवल्यानं उरलेलीही जाते. आणि वापरली तर या वयातसुद्धा ती हळूहळू परत येते. हे औषध पुडीत मिळत नाही, घरातच करावं लागतं."

मग त्यांनी ते औषध करून दाखवलं. खुर्चीतून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलायच्या. खांबाला हात लावून एका पायावर उभं राहायचं. भिंतीच्या कडेनं एका पावलापुढे दुसरं पाऊल जोडत चालायचं. दारातलं गोणपाट त्यांनी स्वतः उचलून बाहेर फेकलं. न्हाणीतलं शेवाळ घासून काढायला सांगितलं, तिथं धरायला लाकडी दांडा ठोकून घेतला, आणि गौराक्काला पायात घट्ट बसतील अशा नव्या वहाणा करून घ्यायला सांगितल्या. जाताना ते दौलतरावाला म्हणाले, "तुम्ही हाताच्या अंतरावर उभे राहा. पडायला लागल्या तर धरा. नुसत्या डुलल्या तर धरू नका." सगळ्या औषधांत हेच औषध कडू होतं, आणि ते मुलानं घ्यायचं होतं.

गौराक्कानं कामाला सुरुवात केली. गुडघे लटपटायचे, मांड्या ठणकायच्या. कधी ती वैद्यांना शिव्या द्यायची, कधी रडायची, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीत येऊन बसायची. हळूहळू पोटऱ्यांत जीव आला. दौलतराव शेजारी उभा राहायचा खरा, पण आधी दाराला कडी लावायचा.

"चोरी करतोय व्हय आपण?" गौराक्का म्हणायची. तो कडी तेवढी पुन्हा चाचपून बघायचा.

कडी लावून गोष्टी लपत नसतात. एक दिवस पाटील त्याच्या दुकानात आला आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "म्हातारीला कवायत कराय लावतोस म्हणं? दोन घास जड झालं काय आईचं?" दौलतराव शरमेनं काळाठिक्कर पडला. त्यानं घरी येऊन मुकाट्यानं खुर्ची उचलली आणि माळ्यावर टाकली. ज्या पाटलानं आपल्या बापाला त्याच्या मनातलं कधी विचारलं नाही, त्याच्या एका टोमण्यासाठी हा आपल्या आईचे पाय पुन्हा काढून घ्यायला निघाला!

गौराक्का भिंतीला धरत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुला माझी काळजी हाय का तुझ्या नावाची? दोन्हीतलं एक काय ते सांग. नावाची असंल तर सांग, मी आपली जाऊन गादीवर पडते. मरंपर्यंत चकार शब्द काढणार न्हाई."

  दौलतराव माळ्यावर चढला, खुर्ची खाली काढली आणि घराबाहेर कट्ट्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर नेऊन मांडली. लोक थांबून बघायचे, हसायचे. तो आईपासून हाताच्या अंतरावर उभा राहायचा आणि हसणाऱ्यांकडे बघायचा नाही.

पुढे गावदेवीची जत्रा आली. जत्रेला विसाव्याच्या म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून मुलं खांद्यावरून देवळात न्यायची. कुणाची खुर्ची जास्त सजवली याची चढाओढ असायची. सगळ्यांच्या पुढे पाटलाची खुर्ची होती. तीत नवी शाल आणि फेटा चढवलेला येसाजीआबा बसला होता. आणि मागून काठी टेकत गौराक्का येत होती, नव्या वहाणांत, स्वतःच्या पायांनी.

"लाज न्हाई लेकाला," गर्दीतून आवाज आला. "सणासुदीला आईला चालवतोय."

देवळाच्या पायऱ्यांवर वाढवलेल्या नारळांचं पाणी सांडलं होतं. वहाणा खाली काढून गौराक्का वर चढू लागली आणि तिचा पाय सरकला. गर्दीच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. दौलतरावाचे दोन्ही हात पुढे आले आणि तिच्या अंगाला न लागता तसेच थांबले. गौराक्का डुलली. तिनं दुसरा पाय मागे टाकला, गुडघे वाकवले, काठी रोवली आणि ती सावरली.

"अरे, धर की तिला!" पाटील ओरडला. "आई हाय का कोण?"

गौराक्का मागे वळली. संतापानं तिचा आवाज थरथरत होता, पण पाय स्थिर होते. "धरून धरूनच बायजाला घालवलंत तुम्ही. माझ्या लेकानं सोडलंय, म्हणून मी उभी हाय."

 तेवढ्यात सजवलेल्या खुर्चीतून येसाजीआबाचा आवाज आला. कित्येक दिवसांत त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"खाली ठेवा मला. मला उठायचंय."

खुर्ची खाली टेकवली. पाटील सवयीनं बापाच्या काखेत हात घालायला वाकला. म्हाताऱ्यानं तो हात झिडकारला.

"तू सर बाजूला. तू धरलंस की माझं पाय मला इसरत्यात."

आबानं खुर्चीचे हात धरून जोर लावला. वीतभर उठला आणि धपकन खाली बसला. पुन्हा जोर लावला, पुन्हा बसला. फेटा डोळ्यांवर घसरला. पाटलाला ते बघवेना.

"आबा, कशाला जिवाला तरास? मी हाय की. देवावानी ठेवलंय न्हवं तुमाला?"

"व्हय रं," म्हातारा धापा टाकत म्हणाला. "देवावानीच ठेवलंस. पर देवाला परसाकडं जायाला लागत न्हाई, श्रीपती. मला लागतंय. माझ्या पायानं जाऊ दिलं असतंस, तर माझी अब्रू ऱ्हायली असती."

पंचक्रोशीनं वाखाणलेले ते पाटलाचे हात खाली लोंबत राहिले. गौराक्का पायऱ्या उतरून आली आणि म्हाताऱ्यापाशी थांबली. तिनं त्याला हात लावला नाही. "पाय जवळ घे आबा," ती म्हणाली, "आणि फुडं वाकून उठ."

म्हाताऱ्यानं पाय जवळ घेतले.

तात्पर्य: म्हाताऱ्या आईबापाला उचलून फिरवणं ही सेवा नव्हे. त्यांच्या पायांत बळ आणणं, त्यांच्या वाटेतलं गोणपाट उचलणं आणि हाताच्या अंतरावर उभं राहणं, ही सेवा. जो मायेच्या नावाखाली त्यांचं चालणं काढून घेतो, त्यानं ते पडल्यावर वयाला दोष देऊ नये.